लंडन ते कॉर्नवॉल: ऑगस्ट बँक हॉलिडेचा प्रवास मी कसा आखतो

इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑगस्टचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असतो. शाळा अजून उघडलेल्या नसतात, त्यामुळे नैऋत्येकडचे रस्ते शुक्रवार दुपारपासूनच तुंबायला लागतात. घरातून किती वाजता निघायचं हे मी सर्वात शेवटी ठरवतो. आधी ठरतं ते ब्रिस्टलजवळचं आल्मंड्सबरी इंटरचेंज किती वाजता ओलांडायचं. तिथे लंडनहून पश्चिमेला येणारा एम ४ महामार्ग सोडून आपण नैऋत्येला जाणाऱ्या एम ५ ला लागतो. बर्मिंगहॅमकडून खाली येणारा लोंढा आणि लंडनकडून आलेला, दोन्ही तिथेच एक होतात, आणि लगेच पुढे एव्हनमथचा पूल. त्यापुढच्या गोर्डानो या महामार्गावरच्या थांब्यानंतर चढ लागतो, कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाड्या आणि ट्रक तिथे मंदावतात आणि मागे ब्रेकचे दिवे लागत जातात.

माझा हिशोब असा. लंडनभोवतीच्या एम २५ या वर्तुळाकार महामार्गापासून आल्मंड्सबरी साधारण शंभर मैल, म्हणजे मोकळ्या रस्त्याला दीड तास आणि वर थोडा. तिथून एक्सेटर सव्वा तास, आणि एक्सेटरहून ए ३० ने कॉर्नवॉलमधलं न्यूकी, जिथे मी जातो, आणखी दीड तास. शनिवारी जायचं असेल तर इंटरचेंज सकाळी ६ च्या आत मागे पडलं पाहिजे, म्हणून पश्चिम लंडनमधून पहाटे ४ ला गाडी हलते. ७ ला निघालं तर एव्हनमथला साडेआठ-नऊ होतात आणि मग पुढचं सगळं वेळापत्रक बुडतं. दुसरा चांगला पर्याय गुरुवारी रात्री ८ नंतरचा. मात्र गुरुवारी रात्रीच्या दुरुस्त्या चालू असू शकतात, त्यामुळे नॅशनल हायवेज या महामार्ग सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या रात्री कोणता टप्पा बंद आहे ते पाहूनच निघतो. सुट्टीच्या दिवसांत ते बरीच कामं थांबवतात, पण सगळी नाही.

शुक्रवारी दुपारी १२ ते संध्याकाळी ७ मी सरळ बाद करतो. शनिवारी सकाळी ९ ते १ पण तितकंच वाईट, कारण कॉर्नवॉल-डेव्हनमधली अनेक सुट्टीची घरं शनिवारीच बदलतात: जुने पाहुणे १० ला बाहेर, नवे ४ ला आत. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी गर्दी. घर शोधतानाच शुक्रवार ते शुक्रवार किंवा सोमवारपासूनचं बुकिंग मिळालं तर अर्धं काम तिथेच होतं. पहाटे निघून ९ ला पोचल्यावर ४ पर्यंत काय करायचं, हेही आधी ठरवावं लागतं. मी मालकाला विचारून गाडी आणि सामान तिथे ठेवता येतं का ते पाहतो. नाहीतर थेट समुद्रकिनारा गाठतो, पण चांगल्या हवेत किनाऱ्याजवळचे कार पार्क सकाळीच भरतात.

फोनवरच्या नकाशात "अमुक वाजता निघालो तर" असं टाकून मिळणारा आकडा मी अंदाज म्हणून घेत नाही. तो नेहमीच्या शुक्रवार-शनिवारचा असतो, सुट्टीचा नाही. त्याऐवजी मेच्या शेवटच्या सोमवारी जो बँक हॉलिडे येतो, त्याच्या शुक्रवारी आणि शनिवारी घरी बसून दर तासाला याच रस्त्याची चालू वाहतूक पाहतो आणि कुठे लाल होतं ते टिपून ठेवतो. तेव्हा शाळांना हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टीही लागत असते, त्यामुळे चित्र ऑगस्टच्या बरंच जवळ जातं. कंटाळवाणं काम आहे, पण यासारखा कागद दुसरा नाही.

एम ४ की ए ३०३ हा वाद दर वर्षी होतो. ए ३०३ अंतराने कमी, पण तो रस्ता मधूनमधून प्रत्येक दिशेला एकाच लेनचा होतो. स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाजवळ तर आहेच, शिवाय लोक दगड पाहायला हळू होतात. तिथला बोगद्याचा प्रकल्प २०२४ मध्ये रद्द झाला, त्यामुळे तो अडथळा राहणार. दिवसा मी एम ४ च धरतो. निर्णय बदलायची शेवटची सोयीची जागा म्हणजे एम ४ चं जंक्शन १३, चिव्हली. तिथून ए ३४ ने खाली उतरलं की ए ३०३ मिळतो. त्यापुढे अडकलात तर आल्मंड्सबरीला न वळता एम ४ वरच राहून जंक्शन २२ ला एम ४९ घेता येतो; तो एम ५ ला जंक्शन १८ए जवळ, एव्हनमथ पुलाच्या जरा आधी मिळतो. पूल टळत नाही, पण त्याआधीची कोंडी टळते. जंक्शन २२ चुकलं तर मात्र सेव्हर्न नदी ओलांडून वेल्समध्ये. टोल २०१८ च्या डिसेंबरमध्येच बंद झाला, वेळ मात्र जातो.

फोन दहा मिनिटं वाचवायला गावातून काढू लागला तर मी ऐकत नाही. डेव्हनमधल्या त्या गल्ल्यांमध्ये एका वेळी एकच गाडी मावते, आणि तोच सल्ला शेकडो फोनना मिळालेला असतो. महामार्ग पूर्ण बंद असेल तरच उतरतो. अपघात "हटवला" असं फलकावर आलं तरी मागची रांग लगेच विरत नाही, हेही धरून चालावं.

पहाटे निघायचं म्हणजे तयारी आदल्या रात्री. टाकी सुपरमार्केटच्या पंपावर भरतो, महामार्गावरचं इंधन महाग पडतं. टायरमधली हवा सामान भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या दाबाने. तो आकडा दाराच्या खांबावर किंवा टाकीच्या झाकणाआत असतो, आणि रिकाम्या गाडीपेक्षा बहुधा जास्त. कुलंट बघतो, कारण रांगेत तासभर उभी राहिली की गाडी इथेच तापते. ब्रेकडाउन कव्हरमध्ये फक्त जागेवर दुरुस्ती आहे की लांबवर ओढून नेणंही, हे वाचून ठेवतो. एम ४ चा लंडन ते रेडिंगपलीकडचा टप्पा हार्ड शोल्डर, म्हणजे कडेची आपत्कालीन पट्टी, नसलेला आहे. गाडी कुरकुरली तर डावीकडे जाऊन पुढचं एक्झिट किंवा नारिंगी आपत्कालीन थांबा गाठायचा. चालू लेनमध्येच बंद पडली तर बेल्ट बांधून, हॅझर्ड दिवे लावून ९९९ या आपत्कालीन नंबरला फोन. आणि वरच्या फलकावर लाल फुली दिसली की ती लेन सोडायची. कॅमेरे आहेत, १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट लागतात.

दोन तासांनी किमान पंधरा मिनिटं थांबा, असं हायवे कोड हे वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक सांगतं. मी तो थांबा गर्दीच्या टप्प्यात ठेवत नाही. गोर्डानो जंक्शन १९ वर आहे, जवळच्या पोर्टिसहेड गावाची वाहतूक त्याच राउंडअबाउटवर येते, बाहेर पडायलाच वेळ लागतो. त्यापेक्षा आधी एम ४ वरचा ली डेलामेअर किंवा पुढे एम ५ वरचा सेजमूर थांबा. पार्किंग सहसा दोन तास फुकट, त्यानंतर कॅमेऱ्याच्या नोंदीवरून पैसे लागतात. झोपायचं असेल तर गजर लावा.

परतीला सोमवार दुपार सर्वात वाईट. त्यात रेडिंग फेस्टिव्हल हा संगीत महोत्सव रविवारी संपतो, तिथले लोक सोमवारी सकाळी एम ४ वर येतात, आणि नॉटिंग हिल कार्निव्हल या रस्त्यावरच्या उत्सवामुळे पश्चिम लंडनचे रस्ते रात्रीपर्यंत बंद असतात. मी मंगळवारची एक रजा टाकतो. पहाटे मात्र निघत नाही: ४ ला निघालं तर हीथ्रोजवळ नेमका ऑफिसच्या वेळेत पोचतो. न्यूकीहून साडेनऊला निघालं की आल्मंड्सबरी दुपारी साडेबाराच्या आत, आणि एक थांबा धरून एम २५ अडीचच्या सुमारास, संध्याकाळची गर्दी जमायच्या आधी.