सत्तर वेढे, नऊ कॉइल

पवनचक्कीसाठी भरलेली सहावी कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि आकडा आला ४४१ ग्रॅम. आधीच्या पाचही ४५४ च्या आसपास होत्या, एखादा ग्रॅम इकडं तिकडं. तार एकाच रिळाची, टोकंही मोजून सोडलेली. माझ्या कॉइलला दोनपदरी तारेचा एक वेढा साधारण साडेसहा ग्रॅमचा जातो. म्हणजे सत्तरऐवजी अडुसष्टच वेढे भरले होते. चाळिशीच्या पुढं कुठंतरी फोन वाजला होता, तिथंच मोजणी चुकली.

पन्हाळ्याच्या बाजूला मावशीचं शेत आहे, उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. तिथल्या खोलीसाठी आठ फूट व्यासाच्या पात्यांची पवनचक्की करतेय. तिच्यात वीज तयार करणाऱ्या ऑल्टरनेटरची रचना स्कॉटलंडमधल्या स्कोराइगच्या ह्यू पिगट या पवनचक्की बनवणाऱ्यांच्या पद्धतीची. दोन लोखंडी तबकड्या, प्रत्येकीवर १२ निओडिमियम चुंबकं, आणि दोघींच्या मधे रेझिनमध्ये (पातळ ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) ओतलेल्या ९ कॉइल. तबकड्या फिरतात, कॉइल जागेवरच राहतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका मामांना ड्रॉइंग दाखवलं. उसाला पाणी पाजणाऱ्या पंपांच्या किती मोटारी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील, मोजदाद नाही. त्यांनी चष्मा वर सारला आणि विचारलं, "ह्यात लोखंड कुठं हाय?"

"कॉइलमध्ये लोखंड नाहीच मामा. लोखंड असलं की चुंबक त्याला धरून बसतं, मग हलक्या वाऱ्यात पाती सुटत नाहीत."

"मग तार नुसती हवेत?"

"रेझिनमध्ये."

त्यांनी मान हलवली आणि तारेचं गेज, म्हणजे जाडी, विचारलं. तिथून पुढं ते माझ्याइतकेच त्यात गुंतले.

किती वेढे घ्यायचे, हे आधी २० वेढ्यांची एक चाचणी कॉइल करून ठरवलं. तबकड्या जोडल्या, मधे ती कॉइल धरली आणि सेकंदाला एक फेरा अशा चालीनं तबकडी हातानं फिरवली. मीटरवर ०.३६ व्होल्ट आले. ७० वेढ्यांना त्याच वेगाला १.२६. नऊ कॉइलचे तीन गट, म्हणजे तीन फेज. एका फेजमध्ये तीन कॉइल सिरीजमध्ये (एकीला पुढची जोडून), तिन्ही फेज स्टारमध्ये (प्रत्येकीचं एक टोक एकत्र), पुढं एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर. हिशेब मांडला तर मिनिटाला १६५ फेऱ्यांच्या सुमाराला २४ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला लागेल. माझ्या पात्यांना तेवढा वेग सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात मिळायला हवा. पावसाळ्यात सड्यावर त्याहून कितीतरी जास्त वारा असतो. ही चाचणी कॉइल केल्याशिवाय तांबं विकत घेऊ नका, हे मी कुणालाही हात जोडून सांगेन.

एकच जाड तार घ्यायच्याऐवजी १७ गेजच्या दोन तारा एकत्र गुंडाळल्या. तेवढ्या तांब्याची एकच तार हाताला वळत नाही, कोपऱ्यावर फुगते. कॉइल भरायचा फर्मा प्लायचा, दोन फळ्यांमधलं अंतर १३ मिलिमीटर. मधला ठोकळा वर रुंद, खाली निमुळता, कारण नऊ कॉइल गोलात बसवायच्या तर आतल्या बाजूला जागा कमी पडते. ठोकळा फार बारीकही करून चालत नाही. कॉइलच्या दोन्ही बाजू एकाच वेळी एकाच चुंबकाखाली आल्या तर त्यांचे व्होल्ट एकमेकांना खातात.

मामांनी हाताला वळण लावलं. तार सुती फडक्यातून, दोन बोटांच्या चिमटीत ताणून सोडायची. थर वर आला की लाकडी ठोकळ्यानं हलकंच ठोकायचं, हातोडी लावायची नाही. फळ्यांना आधीच चिरा पाडून ठेवायच्या, म्हणजे फर्मा खोलायच्या आधी त्यातून टेप घालून कॉइल बांधता येते. पहिली कॉइल मी न बांधताच काढली होती, ती स्प्रिंगसारखी उसळून सुटली. आणि दर दहा वेढ्यांना भिंतीवर खडूची एक रेघ. सहाव्या कॉइलच्या वेळी मी ती रेघ ओढली नव्हती.

"हीच उलगडून परत भरू का?" मी विचारलं.

"न्हाई. वाकलेली तार परत सरळ केली की वरचं इनॅमलचं कवच तडकू शकतंय. नवी भर."

दोन वेढ्यांनी चक्की बंद पडली नसती. फेजमधल्या २१० वेढ्यांत दोन म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. पण रेझिन ओतल्यावर आतली कॉइल बदलता येत नाही, आणि चुकीची आहे हे माहीत असताना ती आत कायमची गाडायला माझं मन होईना. नवी भरली. ४५५ ग्रॅम.

तिन्ही फेजमधल्या कॉइलची जोडणी १-४-७, २-५-८, ३-६-९. सगळ्या कॉइल एकाच दिशेनं वळलेल्या. टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरनं तांबं लख्ख दिसेपर्यंत घासलं, वेणी घालून कथलाचा डाग दिला, वर स्लीव्ह. रेझिन ओतून दोन दिवस हात लावला नाही.

काल स्टेटर, म्हणजे ओतलेल्या कॉइलची ती चकती, तबकड्यांमधे बसवला. चुंबकांच्या ओढीत बोट सापडलं तर मोडतंच, म्हणून वरची तबकडी स्टडच्या नटांवर फेऱ्याफेऱ्यानं खाली आणली. स्टेटरमधून बाहेर आलेल्या तिन्ही फेजच्या तारा सुट्या असताना तबकडी लोण्यासारखी फिरली. मग त्यातल्या दोनच एकमेकींना जोडल्या, तेव्हा हातात धक्के बसत, अडखळत फिरली. मग तिन्ही एकत्र जोडल्या. मामांनी दोन्ही हातांनी तबकडी ढकलली. ती काकवीत फिरावी तशी हळू, जड आणि एकसारखी फिरली, कुठंही धक्का नाही. त्यांनी परत ढकलली. तिसऱ्यांदाही.

"सारखंच हाय बघ," ते म्हणाले, आणि हात पुसून शेजारच्या दुकानदाराला बघायला बोलवायला गेले.