जांभळ्या रॅपखालचा ७४

बॅटरी पॅक दुरुस्त करणं हे माझं काम. ड्रिल मशीनचे, ई-सायकलचे, टॉर्चचे, लॅपटॉपचे, जे येईल ते. लोकांना वाटतं हा दिवसभर सोल्डरिंग करत बसत असेल, पण खरं काम सेल मोजण्याचं आहे. पॅक फोडायचा, निकेलच्या पट्ट्या सोलायच्या, सेल सुटे करायचे आणि एकेक आयआर मीटरला लावायचा. आयआर म्हणजे इंटर्नल रेझिस्टन्स, सेल आतून किती थकलाय त्याचा आकडा, मिलीओहममध्ये. चांगला दमदार सेल पंधरा-वीस दाखवतो. लॅपटॉपमधून काढलेला म्हातारा साठ, ऐंशी, शंभर काहीही. रिजेक्ट झाला की मी मार्करने अंगावर आकडा लिहितो, मायनसच्या टोकाला लाल पट्टा ओढतो आणि पत्र्याच्या डब्यात टाकतो. डबा भरला की भंगारात, वजनावर. इतकंच. या डब्याचा मी कधी दुसऱ्यांदा विचार केला नव्हता.

व्हेपवाले, म्हणजे ई-सिगारेट ओढणारे, माझ्याकडे क्वचितच येतात. ओढावं की ओढू नये यात मी पडत नाही, मी स्वतः ओढत नाही, पण सेल समोर आला की तो कशातून आला याने मला फरक पडत नाही. तर तो मुलगा आला, असेल तेवीस-चोवीसचा, हातात दोन सेलवालं जाडजूड डिव्हाइस. म्हणाला, "दादा, हे अर्ध्या तासात मरतं आणि हाताला चटका बसेल इतकं गरम होतं. बहुतेक डिव्हाइसच फालतू आहे, मी आता २०० वॉटचं घेणार आहे, पण तोपर्यंत यात काही करता येईल का?"

आणि हे बोलता बोलता त्याने खिशातून किल्ल्या काढल्या, किल्ल्यांबरोबर एक सुटा सेल काढला आणि दोन्ही काउंटरवर ठेवले. मी आधी तो सेल उचलून बाजूला ठेवला आणि मगच बोललो. लोकांना हे खरंच माहीत नसतं, की १८६५० सेलचं (लॅपटॉप-ड्रिलच्या पॅकमध्ये असतो तो बोटाएवढा गोल सेल) प्लस टोक म्हणजे फक्त मधली टोपी, बाकी सगळा डबा मायनस. वरच्या कडेपर्यंत. टोपी आणि कड यांच्यात जेमतेम दोनेक मिलिमीटरचं अंतर, मध्ये एक कागदाची नाहीतर प्लास्टिकची चकती आणि वर कागदाएवढं पातळ रॅप. किल्ली तिथे आडवी बसली की संपलं, सेल असेल नसेल तेवढा करंट त्या किल्लीतून सोडून देतो, तोही मांडीला चिकटून. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने २००९ ते २०१६ मधल्या बातम्यांवरून ई-सिगारेटच्या आगीच्या आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच खिशातल्या होत्या. एक साधी प्लास्टिकची डबी मिळते सेल ठेवायला. त्याच्याकडे ती नव्हती. डिव्हाइसला मात्र वेगळं सिलिकॉनचं कव्हर होतं, ड्रॅगन काढलेलं.

डिव्हाइस उघडलं तर सेल निघेचनात. इतके घट्ट बसलेले. तो म्हणाला, "हो, मी स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढतो." शाब्बास. मी काढायची फीत सरळ केली, हळूहळू ओढले. चकचकीत जांभळं रॅप, त्यावर वीज कोसळल्याचं चित्र, खाली ३८०० एमएएच, म्हणजे किती साठवतो, आणि ४० अँपिअर, म्हणजे किती करंट देतो. या दोन आकड्यांवरच मला हसू आलं होतं. ३६०० च्या वरचा १८६५० मी आजवर मोजलेला नाही, आणि जे तिथवर जातात ते करंट देताना आठ-दहा अँपिअरवरच दमतात. हे कोणाचं कारस्थान नाही, आतली जागाच तेवढी असते. १८ मिलिमीटर रुंद, ६५ लांब, त्यात गुंडाळी. जास्त साठवायचं तर फॉइलवरच्या मसाल्याचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या रसायनाचा, थर जाड द्यावा लागतो, जास्त करंट हवा तर थर पातळ आणि फॉइल जास्त. म्हणून २० अँपिअरवाला प्रामाणिक सेल २५००-३००० च्या आसपासचा असतो. लोक दुकानात उभे राहून ३८०० बघतात, २५०० बघतात, आणि ज्याच्यावर मोठा आकडा तोच उचलतात, वर तो स्वस्तही असतो. आणि ४० अँपिअर कंटिन्युअस की एखाद्या सेकंदाचा पल्स, हे त्या विजेच्या चित्राखाली लिहिलेलं नसतंच.

वजन केलं, ४४ ग्रॅम. म्हणजे आत पावडर भरलेला नकली डबा नाही, सेल खरा आहे. व्यास १८.५५, ही गंमत होती. रॅपसकट साधारण १८.३ असायला हवा. आता त्या घट्टपणाचा अर्थ लागला, आणि प्लसच्या कडेला जिथे स्क्रूड्रायव्हर लागून जांभळं रॅप फाटलं होतं तिथे डब्याचं चंदेरी दिसायच्या ऐवजी हिरवं दिसत होतं. रॅपवर रॅप. जुनं काढायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते.

मी त्याला बसवलं आणि मोजायला घेतलं, खरं सांगायचं तर जरा नाटक करायलाच, कारण अशा पोरांना तोंडी सांगून पटत नाही. आयआर एकाचा ८१, दुसऱ्याचा ७८. एक सेल चार्ज करून लोखंडी पेटीत लोडला लावला, अंगाला तापमान मोजायचं थर्मोकपल चिकटवलं, १० अँपिअर. व्होल्टेज ४.१५ वरून क्षणात ३.२ च्या खाली. तीन मिनिटांत तापमान २८ वरून ५७. लोड तोडला. मग कागदावर मांडून दाखवलं, तू ८० वॉटवर ओढतोस म्हणजे एका सेलवर ४० वॉट, म्हणजे बारा-तेरा अँपिअर. बारा गुणिले बारा गुणिले ०.०८१, म्हणजे जवळजवळ १२ वॉट उष्णता सेलच्या पोटात, एक छोटं सोल्डरिंग आयर्न आत चालू आहे असं समज. चांगल्या सेलमध्ये हीच दोन-तीन वॉट असती. आणि तुझं डिव्हाइस फालतू नाहीये, उलट त्याची चिप बिचारी इमानदार आहे, तिला ८० वॉट द्यायचेत, व्होल्टेज पडलं की ती तेवढाच जास्त करंट ओढते, म्हणून सेल आणखी तापतो, व्होल्टेज आणखी पडतं, मग ती बॅटरी लो दाखवून बंद होते. ती बंद होते म्हणून तुझी बोटं शाबूत आहेत. २०० वॉटवालं घेऊन त्यात हेच सेल घातलेस तर एकेका सेलकडून तीस अँपिअर मागशील.

त्याचं म्हणणं तरी काय, "पण दादा, डिव्हाइसला एवढे पैसे घातलेत, आता सेलला पण तेवढेच घालू?" हे वाक्य मी ई-सायकलवाल्यांकडून ऐकलंय, ड्रिलवाल्यांकडून ऐकलंय. माणूस मशीनला पैसे देतो आणि सेलला खुर्दा. बॉक्सवर वॉट मोठ्या अक्षरात, स्क्रीन रंगीत, आणि सेल कुठला घालावा हे आतल्या चिटोऱ्यावर मुंगीच्या अक्षरात. मोठ्या सेल कंपन्या तर सरळ सांगतात की हे सेल सुटे हाताळायला नाहीत, संरक्षण सर्किट असलेल्या पॅकसाठी आहेत. पण ते दुकानापर्यंत पोचत नाही.

इथपर्यंत मी मजेत होतो. मग म्हटलं याला आतलं मूळ रॅपही दाखवावं, म्हणजे कायमचा धडा. कटरने जांभळं रॅप उभं चिरलं, डब्याला लागू नये म्हणून पात्याचं टोक वर धरून, आणि केळ्याच्या सालीसारखं उलगडलं. खाली हिरवं रॅप, लॅपटॉपच्या सेलचं. प्लस टोपीवर स्पॉट वेल्डिंगचे टिंब घासून काढल्याच्या खुणा. सेल हातात फिरवला. मायनसच्या टोकाला लाल पट्टा. आणि मधोमध काळ्या मार्करने ७४.

माझा ७ ओळखता येतो. मी आकडे मराठीतच लिहितो, लहानपणची सवय, आणि माझ्या ७ ला खाली उगाच एक शेपूट असतं, ज्यावरून शाळेत मार खाल्लाय. त्या शेपटासकट ७४ होता. काही महिन्यांपूर्वी माझ्याच हाताने, याच टेबलावर लिहिलेला.

मुलगा समोर वाकून बघत होता. मी अंगठा त्या आकड्यावर ठेवला.

म्हणालो, "भंगारातला आहे. लॅपटॉपचा जुना सेल." जे खरंच होतं. कोणाच्या भंगारातला ते नाही सांगितलं. तो दुकानदाराला शिव्या घालायला लागला आणि मी मान हलवली, नुसती हलवली नाही, वर दोन वाक्यं जोडली, की असल्या लोकांना लाज नसते वगैरे. अंगठा तसाच होता.

दुसरा सेल मी तो असताना उघडलाच नाही. ते दोन आणि खिशातला तिसरा (तो दुसऱ्याच कुठल्या जातीचा होता, पण चेपलेला) ठेवून घेतले, आणि टूलच्या पॅकसाठी आणलेले दोन नवे सेल त्याला दिले, सॅमसंगचे २५आर, २५०० एमएएच, २० अँपिअर कंटिन्युअस. दोन्हींवर एकच खूण करून दिली, की ही जोडी, चार्ज एकत्र, वापर एकत्र, एक काढून टॉर्चमध्ये घालायचा नाही, जोडी मोडली की एक सेल दुसऱ्याला खेचत बसतो. डबी पण दिली. पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, "दादा, तुम्ही भारी माणूस आहात." मला तेव्हा कुठे बघावं कळेना.

तो गेल्यावर दुसरा उघडला. ७१. तोही माझाच.

आमच्याकडचा पोरगा मागून बघत होता, तो लगेच म्हणाला, "हे तर तुमचं अक्षर." त्याला कपॅसिटी टेस्ट लावायला सांगितली, तर हळू डिस्चार्जवर १२४० एमएएच निघाले. ३८०० च्या लेबलवर १२४०. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, आपण वजनावर विकलं, पुढे घेणारा काय करतो त्याला आपण काय करणार, आणि भंगार म्हणून पावती आहे आपल्याकडे. पावती आहे हे खरंय. मालक वाईट माणूस नाही, पण पावतीवर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा आयआर मीटरवर असता तर बरं झालं असतं.

मला खात राहिलं ते वेगळंच. रात्री लक्षात आलं, की ७४ आणि ७१, दोन्ही ऐंशीच्या आतले. डब्यात शंभरचे होते, एकशेतीसचे होते, ते नाही आले. ज्याने कोणी हे सेल उचलले त्याच्याकडे मीटर असायची गरजच नव्हती. मी प्रत्येकाच्या अंगावर निकाल लिहून दिला होता. मला वाटत होतं मी रिजेक्ट लिहितोय, आणि तो वाचत होता की यातल्या त्यात बरा कुठला. लाल पट्टा काय, तो झाकला की झाला. अजून एक विचित्र गोष्ट, त्याने आळस केला, जुनं रॅप काढलं नाही, म्हणूनच स्क्रूड्रायव्हर लागून वरचं फाटलं तरी आतल्या हिरव्याने डबा झाकलेला राहिला. काम नीट केलं असतं तर त्या कडेला उघडं चंदेरी असतं.

आता रिजेक्ट सेल रेझिस्टर लावून शून्यापर्यंत उतरवतो आणि तसाच शॉर्ट करून आठवडाभर ठेवतो. इतका खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि परत चार्ज करायचा प्रयत्न केला तर बहुतेक उठत नाही. बहुतेक. उठवणारेही असतात, आणि अर्धवट उठलेला तर ७४ वाल्यापेक्षा वाईट, त्यामुळे हेही बरोबर करतोय की नाही याची मला खात्री नाही. टोपी कापून टाकावी तर ते माझ्याच टेबलावर पेटायचं. एकदा एक सेल हातात व्हेंट झालाय माझ्या, म्हणजे आतला गॅस फुसकन बाहेर, तो गोडसर, नेलपेंट काढायच्या पाण्यासारखा वास अजून नाकात आहे. आकडे अंगावर लिहायचे मात्र बंद केले, आता फक्त वहीत लिहितो.

जुनी वही काढून बघितली. त्या लॉटमध्ये १२० सेल होते, रिजेक्ट ४६, त्यातले ऐंशीच्या आतले १९. दोन माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी फोन केला होता, खरं सांगायला. तेवढं जमलं नाही, पण विचारलं की असे अजून होते का. तर म्हणे चार घेतले होते, दोन मित्राकडे आहेत. मित्राला मेसेज केला, की घेऊन ये, बदलून देतो, फुकट. तीन दिवसांनी उत्तर आलं, सोबत फोटो, तळहातावर जांभळा सेल, मागे टेबलावर किल्ल्या. "माझ्या एकदम मस्त चालतायत, टेन्शन नका घेऊ."

फोटो मोठा करून बघितला. रॅप अजून धड आहे, आकडा दिसत नाही.