बाटली हलवायची नाही

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला असताना हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आम्ही दीड पानात उरकला होता. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं; फॅक्टर आठ कमी तो ए, फॅक्टर नऊ कमी तो बी, आजार बहुतेक मुलांना, वाहक आई. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले.

आठवण झाली ती कॅज्युअल्टीत. चोपड्याकडचं सात वर्षांचं पोरगं, केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडलेलं. गुडघा खरचटलेला. मी सवयीनं टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं, दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तेवढ्यात त्याच्या आईनं माझं मनगट धरलं. "याले दंडमा सुई चालत नही, सिस्टर."

चिडले मी. दहा वर्षं नोकरी झाली होती आणि ही बाई मला सुई शिकवतेय! मग तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला केसपेपर काढला. फॅक्टर आठ, नेहमीच्या एक टक्क्याहून कमी. त्या दंडात सुई गेली असती तर स्नायूत आत रक्त साचत राहिलं असतं. अशा मुलाला लस द्यायची ती बारीक सुईनं कातडीखाली, आणि नंतर जागा बराच वेळ दाबून धरायची. हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मुंबईत प्रशिक्षण घेतलं, पण पहिली मास्तरीण तीच.

प्रशिक्षणात सगळ्यात आधी गणित. ए असेल तर वजनाच्या किलोमागे एक युनिट फॅक्टर दिलं की त्याची रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. बीमध्ये एकच टक्क्यानं. वीस किलोच्या पोराचा गुडघा सुजलाय, चाळीस टक्क्यांपर्यंत न्यायचंय, म्हणजे चारशे युनिट. बाटली पाचशेची, तर पाचशे देऊन टाकायचे. शंभर युनिट मोरीत ओतताना हात थरथरला पाहिजे, इतका तो महाग. डोस डॉक्टर लिहितात, पण रात्री दोनला नव्या इंटर्ननं आकडा चुकवला तर ते ओळखायचं काम आपलं. डोक्याला मार असेल तर आधी फॅक्टर, मग सिटीस्कॅन. यावरून मी सिनियर डॉक्टरांशीही भांडले आहे.

फॅक्टरच्या औषधाची पावडर असते, सोबतचं पाणी घालून बाटली तळहातात हळूच फिरवायची. हलवायची नाही. फेस झाला की औषध बिघडतं. फ्रिजमधली बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. आमच्याकडे मे महिन्यात उलटीच काळजी, लाइट गेली की बर्फ शोधत पळा. उन्हाचा फायदा एकच, शिरा टचकन वर येतात. डिसेंबरात त्याच शिरा लपून बसतात, मग कोमट पाण्याचा फडका. एकाच शिरेत रोज टोचायचं नाही. या मुलांना त्याच शिरा जन्मभर पुरवायच्या असतात.

पोरगं म्हणायचं, "गुडघ्यात मुंग्या येताहेत." सूज दिसत नसली तरी हे खरं मानायचं, तेव्हाच फॅक्टर द्यायचा. पण गावाहून एसटीनं येईपर्यंत दीड-दोन तास जातात आणि गुडघा तोवर टम्म. म्हणून घरीच फॅक्टर टोचायला आईला शिकवायचं ठरलं.

अडचण सुईची नव्हतीच. सासू म्हणायची, आजार हिच्या माहेरचा. हा आजार आईकडून मुलाकडे कसा जातो, त्याचं चित्र मी केसपेपरच्या मागे आजींना काढून दाखवलं, आणि सांगितलं की साधारण तीनातल्या एका घरात आधी कोणालाच हा आजार नसतो, दोष नव्यानं होतो. आजी चित्राकडे बघत राहिल्या. पटलं की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या वेळी नातवाला घेऊन त्याच आल्या, सुनेला कापूस वेचायला पाठवून.

आईनं पहिली टोचणी माझ्या हाताला केली, नुसतं सलाईन. बांगड्या मागे सारून, ओठ दाबून. दोनदा शीर चुकली, माझा हात निळा झाला. चौथ्या दिवशी तिनं लेकाला बटरफ्लाय, म्हणजे पंखांची बारीक सुई लावली, वहीत तारीख, वेळ, कुठला सांधा, बॅच नंबर लिहिलं, आणि मग बाहेर जाऊन रडली.

दोन महिन्यांनी माझी ड्युटी लेबर रूमला लागली. रोटेशन. आमच्याकडे हिमोफिलियाची सिस्टर असं पदच नाही. जी त्या वॉर्डात असेल ती. शिकलेली जाते, नवी येते, आणि पोरांचे हात पुन्हा पहिल्यापासून. दोन अर्ज दिले, दोन्ही फाइलीत आहेत. माझी वही मी नव्या सिस्टरकडे देऊन आले.

गेल्या आठवड्यात त्या आईचा फोन आला. घरचा फॅक्टर संपला म्हणून हॉस्पिटलला आली होती. नव्या सिस्टरनं पाणी घालून बाटली खोकल्याच्या औषधासारखी हलवायला घेतली, तर हिनं तिचं मनगट धरलं.

"रागावली का?" मी विचारलं.

"हां, तुम्ही रागावल्या होत्या तितकीच."