मुंबई–बँकॉक–सामुई: शिक्का कुठे, बॅग कुठे, कस्टम्स कुठे

थायलंडच्या को सामुई बेटावर जायचे तर मुंबई-पुण्याकडच्या माणसाची वाट बहुतेक वेळा बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून जाते. मुंबई ते बँकॉक साधारण सव्वाचार तास, पुढे सामुईला तासाभराचे दुसरे विमान. दोन्ही उड्डाणे सोपी आहेत. घोळ होतो तो मधल्या दोन तासांत. एकाच तिकिटावर आलेल्या प्रवाशाचे इमिग्रेशन बँकॉकला होते आणि त्याच्या बॅगेचे कस्टम्स सामुईला. माणूस आणि बॅग वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि सामुईला सामानाच्या पट्ट्यापाशी पुन्हा भेटतात. फुकेत, क्राबी, चिआंग माई, चिआंग राय आणि हाट-याई इथे जाणाऱ्या प्रवाशांचेही असेच आहे.

कोणती वाट धरायची हे मुंबईच्या काउंटरवरच ठरते. बॅगेला बांधलेल्या पट्टीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत बॅगेचा शेवटचा विमानतळ छापलेला असतो. यूएसएम म्हणजे सामुई, एचकेटी फुकेत, केबीव्ही क्राबी, सीएनएक्स चिआंग माई. तिथे बीकेके दिसले तर बॅग बँकॉकलाच उतरणार, मग काउंटरवरची व्यक्ती तोंडाने काहीही सांगो. बॅग आत सरकण्याआधी पट्टी स्वतः वाचावी आणि दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास हातात पडला का तेही पाहावे. पट्टी यूएसएमची आहे पण पास एकच मिळाला, असे होऊ शकते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, दुसरा पास सुवर्णभूमीला ट्रान्सफर काउंटरवर मिळतो. फक्त तिथल्या रांगेची १५–२० मिनिटे हिशेबात धरावीत.

दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असतील, किंवा दोन कंपन्यांत सामान पुढे पाठवण्याचा करार असेल, तरच बॅग थेट जाते. स्वस्त पडते म्हणून दोन तिकिटे वेगळी काढणाऱ्यांनी बॅग बँकॉकला घ्यावी लागणार असेच धरून चालावे. त्यांची वाट पुढे वेगळी सांगितली आहे.

निघण्याआधीचे एक काम घरीच उरकायचे असते. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे टीडीएसी, भरावे लागते. पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत ते ऑनलाइन भरायचे. शुल्क काहीच नाही. पैसे मागणारी साइट सरकारी नसते. खऱ्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गो डॉट टीएच’ असा असतो. विमान बदलणारे फॉर्ममध्ये दोन ठिकाणी चुकतात. विमान क्रमांक तुम्हाला थायलंडमध्ये आणणाऱ्या, म्हणजे मुंबई–बँकॉक विमानाचा लिहायचा, सामुईच्या विमानाचा नाही. पत्ता मात्र सामुईच्या हॉटेलचा द्यायचा, कारण मुक्काम तिथे आहे. ईमेलवर आलेला क्यूआर कोड फोनमध्ये साठवून ठेवा आणि एक प्रत कागदावरही घ्या. उतरल्यावर फोनची बॅटरी संपलेली असण्याचे प्रमाण काही कमी नाही. घरातल्या प्रत्येकाचे, अगदी तान्ह्या बाळाचेही, कार्ड वेगळे. सुवर्णभूमीला फक्त विमान बदलून सिंगापूर किंवा सिडनीला जाणारा प्रवासी इमिग्रेशन ओलांडत नसेल, तर त्याला हे कार्ड लागत नाही.

व्हिसाचे म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी विनाव्हिसा प्रवेश नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांसाठी सुरू झाला आणि १५ जुलै २०२४ पासून तो ६० दिवसांचा झाला. ही सवलत सरकार बदलू शकते, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाची साइट पाहावी. विनाव्हिसा जाणाऱ्याने ‘व्हिसा ऑन अरायव्हल’च्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. तरीही आपली बरीच मंडळी पाटी वाचून आणि गर्दी पाहून तिथेच उभी राहतात. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण छापून जवळ ठेवा. माणशी २०,००० बाटांच्या (थाई चलन) तोडीची रक्कमही अधिकारी दाखवायला सांगू शकतो. बहुतेकांना विचारत नाहीत, पण ज्याला विचारतात त्याला बँक ॲप उघडून भागेलच असे नाही. थोडी रोकड असू द्या.

विमान उतरले की पहिली गोष्ट, घड्याळ दीड तास पुढे करा. फोन फ्लाइट मोडवर राहिला तर तो मुंबईचीच वेळ दाखवत राहतो आणि पासवरची वेळ थायलंडची असते. या दीड तासाच्या फरकापायी विमाने चुकतात.

तुमचे विमान कुठे लागले त्यावर चालणे ठरते. सुवर्णभूमीला मुख्य इमारतीशिवाय सप्टेंबर २०२३ पासून एसएटी-१ ही वेगळी सॅटेलाइट इमारत सुरू आहे. तिथली गेटे ‘एस’ने सुरू होतात आणि मुख्य इमारतीकडे चालकाविना धावणारी छोटी गाडी नेते. त्या बाजूला उतरलात तर १५ मिनिटे जास्तीची धरा. आंतरराष्ट्रीय विमाने सी ते जी या भागांतही लागतात. देशांतर्गत विमाने ए आणि बीकडून सुटतात, म्हणजे अंतर बऱ्यापैकी आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा. ऐनवेळी मागितली तर ती येईपर्यंत अर्धी वेळ निघून जाते.

आता खरा फाटा. विमानातून उतरलेली गर्दी खाली मुख्य इमिग्रेशनकडे वाहते आणि माणूस तिच्याबरोबर जातो. बॅग यूएसएमची असेल तर तिकडे जायचे नाही. देशांतर्गत ट्रान्सफरचे फलक पाहत ए-बीच्या बाजूला चालायचे. तिथे आधी ट्रान्सफर काउंटर, मग वेगळे इमिग्रेशन आणि मग सुरक्षा तपासणी. इमिग्रेशनला फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, पासपोर्टवर शिक्का मारतात. ही रांग मुख्य हॉलपेक्षा सहसा बरीच छोटी असते. शिक्क्यावरची शेवटची तारीख तिथेच वाचा. चुकीची पडली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते, पुढे त्रास होतो. जास्त राहिल्याचा दंड दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० बाट आहे, आणि उतरल्याचा दिवस पहिला मोजला जातो.

वाटेत तुम्हाला कपड्यावर लावायला एक स्टिकर मिळतो. त्यावर सीआयक्यू असे लिहिलेले असते, म्हणजे कस्टम्स, इमिग्रेशन आणि क्वारंटाइन. तो काढून खिशात घालू नका. सामुईला उतरल्यावर तुम्हाला कोणत्या दाराने न्यायचे हे कर्मचारी त्यावरूनच ओळखतात.

सुरक्षा तपासणीत मुंबईच्या ड्यूटी-फ्रीची बाटली अडते. सीलबंद पारदर्शक पिशवी फोडलेली नसेल आणि आत पावती दिसत असेल तर सहसा जाऊ देतात. विमानात ‘जरा बघू’ म्हणून उघडलेली पिशवी म्हणजे गेलेली बाटली. १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यातले लोणचे, तूप, चटणी हाही द्रवच. घरचे लोणचे मुख्य बॅगेत घाला.

आणखी एक बारीक गोष्ट. सामुईकडे काही विमाने एटीआर जातीची छोटी, पंख्याची असतात. त्यांच्या वरच्या कप्प्यात मोठी केबिन बॅग मावत नाही आणि ती दारातच घेऊन पोटात टाकतात. पॉवर बँक आणि औषधे आधीच हाताशी काढून ठेवा. पॉवर बँक मालाच्या कप्प्यात चालत नाही.

सामुईचा विमानतळ १९८९ पासूनचा आणि बँकॉक एअरवेजच्या मालकीचा आहे. गवती छपरांचे उघडे मंडप, विमानापासून मंडपापर्यंत उघडी ट्रामगाडी. इथे शेवटची चूक घडते. एकाच विमानातून आलेल्यांच्या बॅगा दोन ठिकाणी येतात. बँकॉकहून प्रवास सुरू केलेल्यांच्या देशांतर्गत पट्ट्यावर, स्टिकरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय विभागात कस्टम्सच्या हद्दीत. देशांतर्गत पट्ट्यापाशी अर्धा तास उभे राहून बॅग हरवल्याची तक्रार लिहायला घेतलेल्या माणसाची बॅग पलीकडच्या दालनात निवांत फिरत असते. फुकेत आणि चिआंग माईलाही हाच घोळ होतो.

बँकॉकला चुकून मुख्य इमिग्रेशनमधून बाहेर पडलात तरी जग बुडत नाही. दुसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर जा आणि देशांतर्गत प्रस्थानाने आत शिरा. फक्त सामुईला तुम्ही देशांतर्गत दाराने बाहेर याल आणि बॅग आंतरराष्ट्रीय बाजूला असेल. पट्टीचा तुकडा दाखवून तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. उलटी चूक जास्त महाग पडते. बॅग बीकेकेची आणि माणूस ट्रान्सफरने सामुईला पोहोचला, तर बॅग बँकॉकच्या पट्ट्यावर एकटी राहते आणि हातात यायला एखादा दिवस जातो.

कस्टम्सला हिरवी वाट म्हणजे जाहीर करण्यासारखे काही नाही, लाल म्हणजे आहे. माणशी १ लिटर दारू आणि २०० सिगारेटी किंवा २५० ग्रॅम तंबाखू चालते. मोजणी माणशी होते. नवऱ्याच्या पिशवीत दोघांच्या बाटल्या एकत्र सापडल्या तर त्या एकाच्याच धरल्या जाऊ शकतात, तेव्हा वाटून ठेवा. ई-सिगारेट, म्हणजे व्हेप, आणण्यावर पूर्ण बंदी आहे. एक नग, स्वतःपुरता, ही सबब चालत नाही. मांस आणि मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय नेता येत नाहीत. ताजी फळे आणि रोपे यांनाही वनस्पती-आरोग्याचे कागद लागतात. मे महिन्यात बँकॉकच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. भाकरवडी, चिवडा, लाडू कंपनीच्या बंद पाकिटात न्या. घरच्या डब्यापेक्षा प्रश्न कमी येतात.

नैरोबी, कंपाला, दार-ए-सलामकडून येणाऱ्या मराठी मंडळींना एक पायरी जास्त आहे. पीतज्वराच्या (यलो फिव्हर) यादीतल्या देशातून येत असाल तर लसीचे पिवळे पुस्तक घेऊन आधी हेल्थ कंट्रोलच्या काउंटरवर जावे लागते. तिथली खूण नसेल तर इमिग्रेशन परत पाठवते.

आता दोन वेगळ्या तिकिटांची वाट. मुख्य इमिग्रेशन, दुसऱ्या मजल्यावर बॅग, कस्टम्स, चौथ्या मजल्यावर नवे चेक-इन, पुन्हा सुरक्षा. पहाटे आशियातली बरीच विमाने एकदम उतरतात, तेव्हा इमिग्रेशनची रांग तासाभराची होऊ शकते. चेक-इन विमान सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होते. म्हणून चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. एकाच तिकिटावर दोन तास पुरतात. पहिले विमान उशिरा आले तर वेगळ्या तिकिटाची दुसरी कंपनी तुम्हाला ‘आलाच नाहीत’ असे धरते आणि पैसे जातात; एकच तिकीट असेल तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. वाचलेल्या चार-पाच हजार रुपयांपेक्षा हा फरक मोठा आहे. सामानाची मर्यादाही दोन कंपन्यांची वेगळी असते, ती आधीच जुळवून पाहा.

त्यात दुसरे विमान बँकॉकच्याच दुसऱ्या विमानतळावरून, डॉन मुआंगवरून (डीएमके), असेल तर सहा तास धरा. क्राबी-फुकेतची बरीच स्वस्त विमाने तिथून सुटतात आणि तिकिटावर दोन्हीकडे ‘बँकॉक’च लिहिलेले असते, म्हणून बीकेके की डीएमके हे कोडवरून वाचा. दोन्ही विमानतळांमध्ये मोफत शटल बस आहे. सुवर्णभूमीला ती दुसऱ्या मजल्यावर, गेट ३ पाशी मिळते आणि पुढचे तिकीट दाखवावे लागते. बँकॉकच्या रहदारीत तिला एक ते दोन तास लागतात. डॉन मुआंगला टर्मिनल १ आंतरराष्ट्रीय, टर्मिनल २ देशांतर्गत.

परतीला सामुईहून बॅग थेट मुंबईपर्यंत लावता येते. पट्टीवर बीओएम पाहा. व्हॅटचा परतावा घ्यायचा असेल तर बॅग काउंटरवर देण्याआधी माल आणि दुकानाचा फॉर्म कस्टम्सला दाखवून शिक्का घ्या. बॅग एकदा पट्ट्यावर गेली की ती बँकॉकला तुमच्या हाती येत नाही. एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाटांची खरेदी लागते आणि फॉर्म खरेदीच्या वेळीच मागून घ्यावा लागतो. बुद्धमूर्ती बाहेर नेण्यासाठी ललितकला खात्याचा परवाना लागतो, गळ्यातल्या छोट्या ताइताला नाही. खोबरेल तेल आणि सॉसच्या बाटल्या मुख्य बॅगेत. सामुईला केबिनमध्ये चढलेली बाटली बँकॉकच्या ट्रान्सफर तपासणीत काढून घेतात.

देश सोडल्याचे इमिग्रेशन सहसा बँकॉकला, पुन्हा स्टिकर लावून ट्रान्सफरच्या वाटेवर होते. तिथे कुठे स्वयंचलित गेट दिसले तर ते फक्त चिप असलेल्या ई-पासपोर्टला उघडते. मुखपृष्ठावर चिपची छोटी सोनेरी खूण नसेल तर सरळ अधिकाऱ्याच्या काउंटरची रांग धरा, आणि तिच्यासाठी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा.