बोलतंय कोण? व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन बसवतानाचा माझा अनुभव

लिनक्स शिकायचं ठरवलं तेव्हा घरात लॅपटॉप एकच होता आणि त्यावर सगळ्यांचीच कामं चालायची. त्यातलं विंडोज ११ पुसून दुसरं काही टाकायचा प्रश्नच नव्हता. म्हणून व्हर्च्युअल मशीनचा रस्ता धरला. चालू विंडोजच्या पोटात एक वेगळा संगणक उभा करायचा, त्याला थोडी रॅम, थोडी डिस्क काढून द्यायची आणि त्यात डेबियन १२ हा लिनक्सचा एक प्रकार बसवायचा. काही बिघडलं तरी आतलंच बिघडेल, लॅपटॉपला धक्का लागणार नाही. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स हे असं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर घेतलं, डेबियनची नेटइन्स्टॉल आयएसओ फाइल (बसवण्याच्या सीडीची छोटी प्रत, बाकीचं नेटवरून उतरवणारी) उतरवली आणि एका संध्याकाळी बसले. प्रत्यक्षात अकरा दिवस लागले.

पहिली अडचण मशीन तयार करतानाच आली होती, पण मला ती अडचण वाटलीच नाही. यादीत डेबियनच्या पुढे ६४-बिटचा पर्याय नव्हता, फक्त ३२-बिट होता. असेल तसंच, असं समजून तोच निवडला. स्टार्ट दाबलं तर मशीनची खिडकी धड उघडायच्या आतच एक चौकट समोर आली: व्हीटी-एक्स बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बंद आहे.

हे व्हीटी-एक्स काय आहे ते मी त्या रात्री वाचलं आणि वाचता वाचता रमून गेले. गेस्ट, म्हणजे आत बसवलेली ऑपरेटिंग सिस्टीम, असं धरून चालते की समोरचा अख्खा प्रोसेसर आपलाच आहे. ती थेट हार्डवेअरला हात घालणाऱ्या सूचना देत राहते. अशी प्रत्येक सूचना मध्येच अडवून हायपरवायझरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, हाती सोपवता आली, तरच एका प्रोसेसरवर दोन घरं सुखाने नांदतात. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच ही अट नेमकी मांडून ठेवली होती. जुने एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या जातीचे, प्रोसेसर त्या अटीत बसत नव्हते. काही सूचना अडायच्याच नाहीत. त्या कसलीही तक्रार न करता चुकीचं काहीतरी करून मोकळ्या व्हायच्या. त्यामुळे सॉफ्टवेअरला बरीच कसरत करावी लागायची. इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणलं, एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही, आणि अडवण्याचं काम प्रोसेसरनेच अंगावर घेतलं. २०१९ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स तर पूर्णपणे याच सोयीवर चालतं. म्हणजे माझ्या प्रोसेसरमध्ये ती सोय होती, फक्त कुलूप लावलेली.

लॅपटॉप बंद केला, सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये गेले. प्रोसेसरच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ अशी ओळ होती आणि समोर ‘डिसेबल्ड’. ती चालू केली, एफ१० दाबून जतन केलं. (एएमडीच्या मशीनवर हीच गोष्ट बहुतेक वेळा ‘एसव्हीएम मोड’ या नावाने असते. व्हर्च्युअलायझेशन हा शब्द शोधत बसलात तर सापडत नाही.)

परत येऊन तेच मशीन सुरू केलं. या वेळी खिडकी उघडली, डेबियनचा मेनू आला, इन्स्टॉल निवडलं, आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, इथे फक्त आय६८६ सापडला. तुमच्या प्रोसेसरला योग्य असा कर्नल वापरा.

इथे माझे दोन दिवस गेले. माझ्या डोक्यात एकच होतं की बायोसमधलं काम नीट झालेलं नाही. चार वेळा बायोसमध्ये जाऊन तीच ओळ पाहून आले. शेवटी माझ्या मावसबहिणीला फोन केला. तिचं रोजचं काम सर्व्हरवरच असतं. मी घाईघाईने सगळं सांगायला लागले, तर तिने मध्येच थांबवलं.

“अगं, थांब जरा. हे बोलतंय कोण, ते आधी सांग.”

“बोलतंय म्हणजे? एरर आलीय ना, ताई.”

“हो, पण कुणाकडून? विंडोजच्या चौकटीत आली की मशीनच्या खिडकीच्या आत?”

आत, काळ्या पडद्यावर, असं मी सांगितलं. “मग बायोसला कशाला छळतेस? आतला कर्नल बोलतोय म्हणजे मशीन सुरू झालं. तुझं व्हीटी-एक्स चालू आहे. आता तू त्या कर्नलला कसला प्रोसेसर दाखवलायस ते बघ.”

आय६८६ म्हणजे ३२-बिट, आणि मी तर मशीनच ३२-बिटचं करून ठेवलं होतं. व्हीटी-एक्स बंद होतं म्हणून त्या दिवशी यादीत तेवढंच दिसलं होतं. आता ६४-बिटही दिसत होतं, पण आधी केलेली निवड आपोआप कशी बदलणार? सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डेबियन ६४-बिट’ निवडलं आणि इन्स्टॉलर सुरू झाला.

ताईच्या त्या प्रश्नाने माझी पुढची सगळी पद्धत बदलली. खऱ्या लॅपटॉपवर सिस्टीम बसवताना अडलं तर बोलणारे मोजकेच असतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये माणसांनी भरलेला वाडा असतो. सर्वांत खाली लॅपटॉपचं बायोस, त्यावर विंडोज, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, मग मशीनच्या आतलं खोटं बायोस, मग इन्स्टॉलर आणि त्याचा कर्नल. सगळ्यांचा आवाज एकाच स्क्रीनवरून येतो आणि ऐकणाऱ्याला तो एकच वाटतो. मी एक वही केली. दर वेळी आधी बोलणारा कोण ते लिहायचं, मग तो काय म्हणाला, मग मी बदललेली एकच गोष्ट.

ती वही लगेच कामी आली. इन्स्टॉलर सुरू झाला खरा, पण भाषा निवडायच्या पानावर बाणाची कळ दाबली की पट्टी कितीतरी वेळाने सरकायची. या वेळी कुणी काही बोलतच नव्हतं. मी खिडकीचा कोपरा न् कोपरा पाहिला, तेव्हा खालच्या पट्टीत, उजवीकडे, एक छोटं हिरवं कासव दिसलं. ते चित्र काही शोभेसाठी नव्हतं. प्रोसेसरची ती सोय विंडोजच्या स्वतःच्या हायपरवायझरने आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय, असा त्याचा अर्थ. मशीनच्या लॉग फाइलमध्येही तेच लिहिलेलं सापडलं: व्हीटी-एक्स उपलब्ध नाही, दुसऱ्या मार्गाने प्रयत्न करत आहे.

पण कालपर्यंत नसलेला हायपरवायझर आज कुठून आला? काही महिन्यांपूर्वी मी लिनक्ससाठीची विंडोजची उपप्रणाली वापरून पाहायला गेले होते आणि तेव्हा ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ हे फीचर चालू करून ठेवलं होतं. बायोसमध्ये सोयच बंद असल्यामुळे तेव्हा काही चाललं नाही आणि मी विसरून गेले. आता कुलूप उघडल्याबरोबर ते जागं झालं. म्हणजे पहिला उपाय बरोबर होता आणि तिसरी अडचण त्यातूनच जन्मली होती. विंडोज फीचर्समधली ती खूण काढली, रीस्टार्ट केलं, कासव गेलं. कोअर आयसोलेशनमधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तरीही कासव दिसतं. माझ्याकडे ती बंद होती. चालू असती तर मी ती सहज बंद केली नसती. ती सुरक्षेची ढाल आहे आणि शिकण्यापुरतं मशीन थोडं हळू चाललं तरी चालतं.

आता वेग आला. भाषा, कीबोर्ड, डिस्कचे भाग सगळं झरझर झालं आणि मूळ प्रणाली बसवताना लाल पडदा आला. डीबूटस्ट्रॅप (मूळ प्रणाली बसवणारा प्रोग्रॅम) चूक दाखवून बंद पडला आहे, तपशील चौथ्या कन्सोलवर (आतल्या मशीनच्या चौथ्या पडद्यावर) पाहा. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा लाल. मग वही बाजूला राहिली आणि जुनी सवय उसळली. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मशीनला ६ जीबी दिली, प्रोसेसर दोनाचे चार केले, डिस्क नव्याने बनवली, सगळं एकदम. लाल पडदा तसाच राहिला, वर विंडोज गुदमरायला लागलं ते वेगळंच. यात तीन संध्याकाळी गेल्या. आणि तो पडदा पहिल्या वेळेपासून मला सांगत होता की चौथ्या कन्सोलवर जा.

जायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवं कंट्रोल ही होस्ट की असते. ती धरून एफ४ दाबलं की आतल्या मशीनला कंट्रोल-ऑल्ट-एफ४ पोचतं. निळा-लाल पडदा हटला आणि काळ्यावर पांढऱ्या ओळींची रांग लागली. शेवटून चौथी की पाचवी ओळ होती: कॉम्प्रेस केलेला डेटा खराब आहे. त्याच्या आधी एका पॅकेजचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका गठ्ठ्याचं, नाव. बस, एवढंच. रॅमबद्दल, प्रोसेसरबद्दल, डिस्कबद्दल अवाक्षर नव्हतं. होस्ट की आणि एफ१ दाबून परत आले.

नेटइन्स्टॉल फाइल असली तरी मूळ प्रणालीची पॅकेजेस त्या आयएसओतच असतात. म्हणजे फाइलच खराब. उतरवताना नेट मध्येच तुटून पुन्हा जोडलं गेलं होतं, हे तेव्हा आठवलं. डेबियन प्रत्येक आयएसओसोबत एसएचए-२५६ चेकसमची, म्हणजे फाइलवरून काढलेल्या ठशांची, यादी देतं. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ कमांड देऊन माझ्या फाइलचा चेकसम काढला आणि ६४ अक्षरांच्या दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवल्या. पहिलंच अक्षर वेगळं होतं. दुसरंही. फाइलमधला एक बिट बदलला तरी अख्खी ओळ बदलते, त्यामुळे डोळे ताणून तुलना करायची गरजच पडत नाही. फाइल पुन्हा उतरवली, या वेळी ओळी तंतोतंत जुळल्या. रॅम २ जीबीवर आणली, प्रोसेसर दोन केले. मूळ प्रणाली एका दमात बसली.

मग डेस्कटॉप म्हणून हलकं एक्सएफसीई निवडलं आणि पॅकेजेस उतरायला लागली. साधारण अर्ध्यावर आल्यावर आतली पट्टी जागीच थांबली आणि वर विंडोजच्या चौकटीत निरोप आला: होस्टची (म्हणजे बाहेरच्या लॅपटॉपची) डिस्क भरली आहे, मशीन थांबवून ठेवलं आहे, जागा केल्यावर पुढे चालू करता येईल. मी मशीनला २० जीबीची डिस्क दिली होती, पण गरजेनुसार वाढणारी. आतल्या डेबियनला २० जीबी दिसत होते. ती वाढणारी फाइल ज्या ड्राइव्हवर होती तिथे मात्र जेमतेम ३ जीबी उरले होते. या वेळी मी घाबरले नाही, वहीत लिहिलं: बोलणारा व्हर्च्युअलबॉक्स, आतल्याला काही माहीत नाही. जुने व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवले, १५ जीबी मोकळे केले आणि पुढे चालूचं बटण दाबलं. ज्या पॅकेजच्या नावावर पट्टी थांबली होती तिथूनच ती पुढे सरकली. आतल्या इन्स्टॉलरला मधल्या पाऊण तासाची गंधवार्ता नव्हती. ते पाहताना अंगावर काटा आला. संगणकातल्या काही गोष्टी मला अजूनही जादूसारख्या वाटतात, त्यातली ही एक.

बाकीचं पटकन झालं. रीस्टार्टनंतर पुन्हा इन्स्टॉलरचाच मेनू आला, कारण आयएसओ अजून खोट्या सीडी ड्राइव्हमध्ये होती, ती काढली. (इथे सगळं वाया गेलं असं समजून पुन्हा इन्स्टॉल दाबू नका, बसवलेलं सगळं पुसलं जाईल.) गेस्ट ॲडिशन्ससाठी (आत बसवायचं व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर) कर्नलचे हेडर्स आणि बिल्ड-इसेन्शियल ही पॅकेजेस आधी टाकावी लागली, मग स्क्रीन खिडकीएवढी मोठी झाली.

लॉग-इन झाल्यावर सर्वांत आधी मशीन बंद करून स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद, घेतला. तेव्हापासून मी त्या डेबियनचा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मुद्दाम बिघडवते आणि आयएसओतल्या रेस्क्यू मोडमधून तो पुन्हा बसवायचा सराव करते. पहिल्या तीन वेळा हरून स्नॅपशॉटवर परत गेले. काल रात्री पहिल्यांदाच, स्नॅपशॉटला हात न लावता, मशीन सरळ लॉग-इनपर्यंत आलं. ताईला लगेच फोटो पाठवला.