घरपट्टी माफी: आधी नमुना 8 वरचं नाव बघा

वैद्यकीय कारणावरून सैन्यातून लवकर घरी आलेल्या जवानाची घरपट्टी माफी अपंगत्वावर अडत नाही, नमुना 8 म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीतल्या नावावर अडते. माझीही तिथंच अडली होती.

राज्यात 2020 साली आलेली बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांच्यासाठी आहे, आणि सवलत एकाच राहत्या घराला मिळते. अपंगत्वाची टक्केवारी इथं लागत नाही. तरी मेडिकल बोर्डाचे सगळे कागद जोडण्याची चूक मी केली, आणि त्यातून नवाच प्रश्न निघाला. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, अपंगत्व 40 टक्के आणि पेन्शन 50 टक्क्यांनी, हे कसं? पेन्शनसाठी 50 च्या आतलं अपंगत्व 50 धरतात, एवढंच त्याचं उत्तर. पण ते टेबलाटेबलावर समजावत बसावं लागतं. पीपीओची प्रत, डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिक ओळखपत्र एवढं पुरे.

‘पंधरा वर्षं सेवा नाही, मग माजी सैनिक कसे?’ असंही विचारतात. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वावरून मुक्त केलेला आणि अपंगत्व पेन्शन घेणारा जवान माजी सैनिकाच्या व्याख्येत बसतो. तोंडी वाद घालू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घ्या आणि तोच पुढे करा.

आता नावाचं. ग्रामपंचायतीत नमुना 8 चा उतारा काढून पीपीओशेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर ताडून पाहा. माझ्या उताऱ्यावर वडिलांचंच नाव होतं. आधी वारस नोंद, मग अर्ज. उलट केलं की अर्ज परत येतो. घर पत्नीच्या नावावर असेल तर सेवेच्या नोंदीत तिचं नाव कसं लिहिलंय ते तपासा. लग्नाआधीचं नाव राहिलेलं असेल तर दुरुस्ती सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून करून घ्यावी लागते आणि तिला महिने लागतात. हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पाणीपट्टी वेगळी असते, ती भरत राहा. थकबाकी दिसली की फाइल बाजूला पडते.

मंजुरीनंतर नमुना 8 च्या शेरा रकान्यात माफीची नोंद झाली का ते स्वतः डोळ्यांनी बघा आणि त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. दर चार वर्षांनी आकारणी नव्यानं होते, रजिस्टर नवं लिहिलं जातं, आणि जुना शेरा नव्या पानावर उतरवायचा राहून जातो. मग मागणी बिल पुन्हा पूर्ण रकमेचं येतं. तेव्हा ती प्रत घेऊन जायचं.