बातम्या सोडा, फोनवाले ऐका

‘ते परदेशी रेडिओ कामून ऐकता? अन् इथं लागतो तरी कसा?’ जालन्यात काय, लातुरात काय, कानात हेडफोन दिसला की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आधी ‘कसा’, कारण ते सोपं आहे.

शॉर्टवेव्हच्या, म्हणजे दूरदेशीचं प्रसारण पकडणाऱ्या, सेटमागे लागू नका. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारणही जानेवारी 2020 मध्ये संपलं. शिवाय आपल्याला हवी ती, श्रोत्यांचे फोन घेणारी गप्पांची केंद्रं त्यांच्या त्यांच्या गावापुरती असतात. मोबाइलवर रेडिओ गार्डन किंवा ट्यूनइन ॲप घ्या, नाहीतर केंद्राच्या वेबसाइटवर थेट ऐका. 64 केबीपीएस (सेकंदाला जाणारा डेटा) दर्जावर तासाला साधारण 29 एमबी जातात, 128 वर 58. बोलणंच ऐकायचं तर 64 पुरे. दहा मिनिटांत आवाज गेला तर लगेच रेंजला शिव्या देऊ नका, पुष्कळदा मोबाइलची बॅटरी-बचतच मागे चालणारं ॲप बंद करते. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बंधन काढा. क्रिकेट-फुटबॉलचं समालोचन मात्र बरेचदा लागणारच नाही, कारण प्रसारणाचे हक्क देशानुसार विकलेले असतात.

खरा घोळ घड्याळाचा. ब्रिटनच्या बीबीसी रेडिओ 4 वरचा सकाळी सहाचा ‘टुडे’ हा बातम्यांचा कार्यक्रम आपल्याकडे हिवाळ्यात साडेअकराला लागतो आणि उन्हाळ्यात साडेदहाला. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतं, अमेरिका मार्चच्या दुसऱ्याच रविवारी. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे पाठ केलेलं सगळं गणित चुकतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मध्यरात्रीनंतरची बडबड आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊच्या, हिवाळ्यात साडेदहाच्या पुढे येते, आणि ती ऐकण्यासारखी असते. झोप न येणारी माणसं, ट्रकवाले, उडत्या तबकड्या पाहिलेले, सगळे तेव्हाच फोन करतात.

आता ‘कामून’. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, आणि आकाशवाणीवर फोन लागला की श्रोता आधी निवेदकाची ख्यालीखुशाली विचारतो, मग नाव, गाव, तालुका, आणि गाणं ज्यांच्यासाठी हवं त्या घरच्यांची यादी. राजकारणावर लोकांनी फोन करून तास-तास भांडायचं, असा रेडिओ आपल्या कानांनी ऐकलेलाच नाही. अमेरिकेत निवेदक फक्त पहिलं नाव आणि शहर पुकारतो, आणि माणूस ‘फोन घेतल्याबद्दल धन्यवाद’ म्हणून थेट मुद्द्यावर. ऐंशी वर्षांच्या आजीबाईंनाही नावानंच हाक, काकू-मावशी काही नाही. पहिल्यांदा ऐकताना हे खटकतं. फोन करणाऱ्याला आधी सांगतात की घरातला रेडिओ बंद करा. प्रसारण मुद्दाम काही सेकंद मागे ठेवलेलं असतं, कोणी शिवी हासडली तर बटण दाबून ती उडवता यावी म्हणून. घरचा रेडिओ चालू राहिला तर माणूस स्वतःचाच मागून येणारा आवाज ऐकून अडखळतो.

वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडा, हा अमेरिकेतला नियम 1987 मध्ये रद्द झाला. त्यानंतर एकाच पक्षाची तळी उचलून रोज तीन-तीन तास बोलणारे निवेदक तिथे फोफावले. मध्येच तोच माणूस त्याच आवेशात गादी नाहीतर सोन्याची नाणी विकायला लागतो, आणि मत कुठे संपलं, जाहिरात कुठे सुरू झाली, ते कळतही नाही. ब्रिटनमध्ये निःपक्षपातीपणाचे नियम अजून आहेत, म्हणून तिथला निवेदक वादात दुसरी बाजू आणतोच. रेडिओ 4 वर जाहिरातीही नाहीत. मला विचाराल तर अमेरिकन रेडिओ करमणुकीला बरा, विचार करायला ब्रिटिश.

पण मराठवाड्याच्या माणसाला सगळ्यात जवळचा वाटेल तो आयर्लंडचा गावाकडचा रेडिओ. तिथली स्थानिक केंद्रं रोज निधनवार्ता वाचतात: पूर्ण नाव, गाव, पार्थिव घरी किती ते किती वाजेपर्यंत, चर्चमधली प्रार्थना कधी, दफन कुठे. घरच्यांनाच तेवढं येऊ द्या असं असेल तर तेही स्पष्ट सांगतात. जे आपल्याकडे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर होतं, ते तिथे शांत, एकसुरी आवाजात होतं, विशेषणं जवळपास न लावता. भावपूर्ण श्रद्धांजलीची सवय असलेल्या कानाला ते कोरडं वाटतं. दोन-चार दिवस ऐकल्यावर त्यातली अदब कळते.

शेतकऱ्यांसाठी एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेचा ‘कंट्री अवर’. 1945 पासून चालू आहे, तिथल्या दुपारी बाराचा. तिथलं क्वीन्सलँड राज्य घड्याळ हलवत नाही, म्हणून तिथला कार्यक्रम आपल्याकडे बाराही महिने सकाळी साडेसातला. सिडनीचा तिथल्या उन्हाळ्यात साडेसहाला येतो. कापूस, गहू, गुरांचे भाव, दुष्काळ, सगळं ओळखीचं. मात्र तिथला शेतकरी हजारो हेक्टरांची गोष्ट करतो आणि नुकसानही हवामान सांगितल्यासारखं सांगतो. रडगाणं नाही, सरकारवर राग मात्र भरपूर. एखादा म्हातारा पाऊस पॉइंटमध्ये सांगेल तेव्हा गोंधळू नका. शंभर पॉइंट म्हणजे एक इंच, आपले 25 मिलिमीटर.

उच्चार सुरुवातीला डोक्यावरून जातील, आयरिश तर जास्तच. थेट प्रसारणाचा वेग कमी करता येत नाही, म्हणून पहिला महिना त्याच कार्यक्रमांचे पॉडकास्ट 0.8 वेगानं ऐका.